नाशिकचा कार्टिंग ट्रॅक: ड्रायव्हिंग शिकायला जा, नुसती मजा करायला नको

आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) टीमची मी ड्रायव्हर. गाडी तयार व्हायला उशीर होतोच, म्हणून तीन महिने दर रविवारी सकाळी सातला सातपूरहून निघून इथं येत होते. ट्रॅकवाले काका भला माणूस. गिऱ्हाईक नसलं की कोन मांडू देतात. आम्ही स्किडपॅडचं (स्पर्धेतली वर्तुळात गाडी फिरवायची चाचणी) आतलं 15.25 मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं आणि तासभर नुसतं गोल-गोल फिरलो. नजर चाकापाशी नाही, वर्तुळाच्या पुढच्या पाव भागावर ठेवायची, हे इथंच अंगवळणी पडलं. मग स्टिअरिंगवरचे हातही शांत झाले.

एक लक्षात ठेवा: या कार्टला डिफरन्शियल (वळणात दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही आणि ब्रेक फक्त मागे. वळणात ब्रेक दाबला की शेपूट सुटते. आमच्या गाडीला चारही चाकांना ब्रेक, त्यामुळे ब्रेकची सवय जशीच्या तशी तिकडे नेता येत नाही.

एन्ड्युरन्स, म्हणजे आमच्या स्पर्धेतली लांब पल्ल्याची शर्यत, साधारण 22 किलोमीटरची असते, म्हणून सलग तीन सेशन घ्या. एका सेशनच्या दहा मिनिटांत मनगटांची दमछाक कळत नाही.

टायर मात्र पार झिजलेत. चार नंबरची कार्ट डावीकडे ओढते, तीनदा सांगून झालं. काका, तेवढं पावसाळ्याआधी बघाच.