आनंदमेळाव्याची कूपनं खेळवाल्याला छापू देऊ नका

शाळेच्या आनंदमेळाव्याच्या सुमारास पालक-शिक्षक संघाकडे एखादा खेळवाला येतो. "पंधरा खेळ, उड्या मारायचं हवेचं जंपिंग, माणसं सगळं माझं. शाळेचा खर्च शून्य. दहाच्या कूपनामागे सहा मला, चार शाळेला. कूपनंही मीच छापून देतो, फुकट." आमचा संघ या शेवटच्या वाक्याला भुलला.

संध्याकाळी टेम्पो भरायची घाई लावून त्याने २,७६० कूपनं पुढे केली आणि १६,५६० रुपये रोख नेले. मुलांच्या खाऊच्या स्टॉलवरची कूपनं त्यानंतर मोजली, ती भरली १,१००. बेरीज ३,८६०. काउंटरवर विकली होती फक्त ३,०००! खरं तर जमलेली कूपनं विकलेल्यांपेक्षा नेहमी थोडी कमीच भरतात, कारण काही मुलांच्या खिशात नाहीतर दप्तरात राहून जातात. गठ्ठे उलगडले तेव्हा एकाच नंबरची दोन-दोन कूपनं निघाली. त्याने प्रत्येक बुकाची जोडी छापून घेतली होती. जास्तीच्या ८६० कूपनांमागे शाळेच्या खिशातून निदान ५,१६० रुपये गेले, आणि ते वाचनालयाच्या पुस्तकांसाठी होते.

फसवण्याची दुसरी वाट अशी, की खेळावर आलेलं कूपन न फाडता ओळखीच्या मुलांना पाच रुपयांत परत विकायचं. काउंटरची विक्री तेवढी बुडते.

म्हणून छपाई शाळेच्या ओळखीच्या छापखान्यातच करा. प्रत्येक कूपनाला नंबर आणि स्थळप्रत (बुकात आपल्याकडे राहणारा भाग) हवी, आणि मेळाव्याच्या दिवशी सकाळीच शाळेचा शिक्का मारा. खेळाचा रंग वेगळा, खाऊचा वेगळा. मग विकलेली आणि जमलेली कूपनं थेट ताडून बघता येतात. हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक खेळापाशी कूपन घेणारा माणूस आपला असावा, शिक्षक किंवा पालक. त्याने कोपरा फाडून कूपन बंद डब्यात टाकायचं. शंभर-शंभरचे गठ्ठे स्टॉलनुसार बांधायचे, नंबर तपासायचे आणि पैसे दुसऱ्या दिवशी बँकेतून द्यायचे. हे आधीच लिहून घेतलं की खोटा माणूस बहुधा तिथेच मागे फिरतो.

खेळही सकाळी स्वतः खेळून बघा. रिंग हाताने वस्तूवर ठेवून पाहा. जेमतेम बसत असेल तर फेकून ती कधीच बसणार नाही. डबे पाडायच्या खेळात खालचे डबे उचला, एखाद्यात वाळू भरलेली असते.

इसार मागताना तो जीएसटी लावत असेल तर नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पंधरा अक्षरी नंबर महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. तिथे दिसणारं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळलं पाहिजे.

जंपिंगमध्ये मात्र पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. मातीच्या मैदानात खुंट्या ठोकता येतात. पेव्हर ब्लॉकवर त्या जात नाहीत, आणि खेळवाला पाण्याचे चार कॅन बांधून मोकळा होतो. युरोपीय मानकाप्रमाणे निदान सहा ठिकाणी बांधणी हवी आणि प्रत्येक ठिकाणी साधारण १६३ किलोचा ताण पेलला पाहिजे. वीस लिटरच्या कॅनचं वजन वीस किलो. वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला, तर बांधणी कितीही पक्की असली तरी मुलांना खाली उतरवून हवा काढायची.