सायलेन्सर लीक आणि चेक इंजिनचा दिवा: पेस्ट, वेल्डिंग, पॅकिंग की नवा पाइप?

सकाळी थंड गाडी सुरू केली की बोनेटखालून टक टक टक आवाज येतो, गरम झाली की कमी होतो, आणि वरून चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, असं असेल तर सेन्सर आणायला यवतमाळला पळायच्या आधी एकदा एक्झॉस्ट लीक बघा. माझी पेट्रोल गाडी, २०१८ ची, बीएस फोर. दारव्ह्याकडे आमचं गाव, गाडी रोज पांदणीनं शेतात जाते, पावसाळ्यात काळ्या मातीत ज्या चाकोऱ्या पडतात त्या वाळल्यावर दगडासारख्या होतात आणि मधला उंचवटा सायलेन्सरला खालून घासतच राहतो. दिवा लागला तेव्हा एका मिस्त्रीनं सांगितलं, "भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा टाका लागते." टाकला. चार दिवसांनी दिवा परत, कारण लीक तिथल्या तिथंच होती.

होतं काय, तर जळालेला गॅस सलग नाही निघत, धक्क्या-धक्क्यानं निघतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिनकडच्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो पेट्रोल वाढवतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि स्कॅनरवर पी ०१७१ (पेट्रोल कमी पडतंय) हा दोषाचा कोड येतो. हाच कोड इनटेककडून हवा घेतल्यानं किंवा फ्युएल पंप कमजोर झाल्यानंही येतो, तेही तपासा. लीक मागच्या सेन्सरजवळ असेल तर पी ०४२० (कॅट नीट काम करत नाही) येऊ शकतो, आणि मग चांगला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅट, बदलायचा खर्च अंगावर येतो. दोन्ही सेन्सरच्या मागं, सायलेन्सरच्या डब्याला भोक असेल तर आवाज येईल पण दिवा सहसा त्यानं लागत नाही. म्हणून काय करायचं हे लीक कुठं आहे त्यावर ठरवा.

शोधायचं सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा, एकानं मागच्या पाइपवर जाड ओला कपडा थोडा वेळ दाबून धरायचा, दुसऱ्यानं जोडांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे दिसतात. जोडाजवळ काळी काजळी दिसली तर जवळपास पक्कंच. हे उघड्यावर करा, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

आता पर्याय. पेस्ट आणि पट्टी सगळ्यात स्वस्त, घरी होते, पाइप तारेच्या ब्रशनं घासून लावायची आणि पेस्टच्या पाकिटावर सांगितलाय तेवढा वेळ वाळू द्यायची. पण सायलेन्सरच्या डब्याच्या किंवा मागच्या पाइपच्या छोट्या भोकापुरतीच. मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून गॅस जिथं पाइपात येतो तिथं, ती उष्णतेनं आणि थरथरीनं तडकते. तिथं साधा सिलिकॉन तर चुकूनही लावू नका, त्याच्या वाफेनं ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

वेल्डिंग टिकतं, पण कोण करतो ते बघा. आमच्याकडे ट्रॉली आणि गेट बनवणारा वेल्डर हाताशी असतो, माणूस चांगला, पण त्याचा हात जाड लोखंडावर बसलेला आणि सायलेन्सरचा पाइप पातळ, साध्या आर्कनं एका भोकाची दोन होतात. बऱ्याच गाड्यांचा पाइप स्टेनलेसचा असतो, त्यावर साधी कांडी लावली तर जोड काही दिवसांत बाजूनं फुटतो. तालुक्याला मिग किंवा टिग वेल्डिंगवाला असेल तर त्याच्याकडे जा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला लावा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा.

जोडातून लीक असेल तर वेल्डिंग नकोच, जोडातलं पॅकिंग (गॅस्केट) बदला. पॅकिंग स्वस्त, मजुरी जास्त, कारण गंजलेला स्टड तुटला की दिवस जातो; आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. माझ्या गाडीत शेवटी हेच निघालं, मॅनिफोल्डचं पॅकिंग, म्हणजे नवा सेन्सर फुकट गेला. जाळीचा फ्लेक्स पाइप फाटला असेल तर त्यावर पट्टी गुंडाळू नका, तो हलण्यासाठीच बनवलाय, तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करून घ्या. पूर्ण नवा पाइप फक्त तेव्हाच, जेव्हा स्क्रूड्रायव्हरनं टोचलं की पत्रा आत जातो.

कॅट काढून सरळ पाइप टाकून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नाही म्हणा. दिवा तसाच राहील आणि पीयूसीत अडकाल.

घाई कुठं करायची तेही सांगतो. मॅनिफोल्डकडची लीक असेल तर गॅस काचेखालच्या जाळीतून केबिनमध्ये येऊ शकतो, लेकरं बसवून लांबचा प्रवास टाळा, डोकं दुखायला लागलं तर काचा खाली करून लगेच उतरा. सोयाबीनच्या कुटारावर गरम गाडी उभी करू नका, खालून कॅट एवढा तापतो की कुटार पेटू शकतं, लीक असेल तर धोका अजून वाढतो. दिवा लुकलुकत असेल तर ते मिसफायर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, गाडी बाजूला घ्या.

काम झाल्यावर स्कॅनरनं कोड पुसा, नाहीतर दोष न दिसता सलग ३ ड्राइव्ह सायकल (गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्या) झाल्या की दिवा आपोआप विझतो. माझा पॅकिंग बदलल्यावर तिसऱ्या दिवशी विझला, अजून लागला नाही.