चाकांवरून बर्फावर: बेळगावच्या मुलांसाठी डेहराडून की लेह?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर चांगली तयार झाली की घरात एक विषय निघतोच: आता बर्फावर पाठवायचं का, आणि पाठवायचं तर कुठं? आपल्या भागात बर्फाची रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, नाही. बोलण्यात दोन नावं येतात, डेहराडून आणि लेह. माझं मत आधीच सांगते. शॉर्ट ट्रॅक, म्हणजे बर्फावरच्या छोट्या अंडाकृती ट्रॅकवरची वेगाची शर्यत, शिकायचं असेल तर आधी डेहराडून, लेह नंतर. आइस हॉकीचं वेड असेल तर क्रम उलटा.

डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधली गेली. बर्फावरचे खेळ तिथं झाले आणि स्कीइंग औलीला. पुढं इतकी चांगली रिंक वर्षानुवर्षं बंद पडून राहिली, याचं आजही वाईट वाटतं. तेवढ्या काळात मुलांची एक अख्खी पिढी चाकांवरच राहिली. २०२५ मध्ये ती दुरुस्त होऊन सुरू झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथं आशियाई ओपन शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग ट्रॉफी भरली. ऐन पावसाळ्यात! छताखाली यंत्रानं गोठवलेला बर्फ असल्यामुळं बाहेरच्या ऋतूशी संबंधच उरत नाही. म्हणजे शाळा बुडवायची गरज नाही, सुट्टीत जाता येतं.

आपल्या मुलांना नेमकं काय नव्यानं शिकावं लागतं, ते पाहिलं की रिंक का महत्त्वाची ते कळतं. वळणावर पायावर पाय टाकून जाणं, म्हणजे क्रॉसओव्हर, त्यांना येतोच. कमरेत वाकून बसणंही येतं. पण चाक रस्त्याला धरतं, तसं ब्लेड धरत नाही. त्याची कड बर्फात रुतवावी लागते. शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड बुटाच्या बरोबर मध्यभागी नसतं, डावीकडं सरकवून बसवतात आणि त्याला वळणाच्या दिशेनं किंचित बाकही देतात, कारण शर्यत कायम डावीकडंच वळते. एक फेरी १११.१२ मीटरची. वळणावर खेळाडू इतका झुकतो की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात, म्हणून त्या हातमोज्याच्या टोकांना कडक गुळगुळीत टोप्या असतात. हे अंगात भिनायला रोज तेच वळण, तोच सपाट बर्फ लागतो.

लेहमध्ये तो भरवसा देता येत नाही. तिथला पारंपरिक बर्फ निसर्गाचा. रात्री पाणी सोडायचं, थंडीनं ते गोठतं. जानेवारीत पारा उणे पंधराच्याही खाली जातो, पण दुपारी ऊन चढलं की वरचा थर मऊ पडतो, तडेही जातात. हंगाम जेमतेम डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यात उंची सुमारे ३,५०० मीटर, आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास. विमानातून उतरल्यावर निदान दोन दिवस मुलानं नुसता आराम करायचा, स्केट्सना हात लावायचा नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं याकडं दुर्लक्ष नको. धाप वाढली तर थेट डॉक्टर. दहा दिवसांची सहल काढली तर सरावाचे दिवस किती उरतात, ते बघा.

तरीही लेहला जे आहे ते दुसरीकडं नाही. हिवाळ्यात तिथं गोठलेल्या तळ्यांवर शाळकरी पोरं हॉकी खेळताना दिसतात. २०२५ मध्ये महिला आशिया चषकात कांस्य मिळवणाऱ्या भारतीय संघात बहुतेक मुली लडाखच्याच होत्या. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेतले बर्फावरचे खेळही लेहला झाले आहेत. त्या स्पर्धेत उतरायचं तर आपली मुलं कर्नाटकाकडून खेळतात, म्हणून निवड चाचण्यांची चौकशी राज्य संघटनेकडं करायची. घरात मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राच्या चाचणीची वाट बघत बसू नका.

प्रवासात डेहराडून सरळ जिंकतं. गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला सोडते, पुढं रेल्वे नाहीतर बस. हिवाळ्यात लेह म्हणजे बहुतेक विमानच, आणि हवा बिघडली की तेही रद्द. दोन जादा दिवसांच्या खर्चाची सोय ठेवूनच निघायचं.

वय दहा-बाराच्या आत असेल तर महागडे शॉर्ट ट्रॅक स्केट्स लगेच घेऊ नका. पाय वाढतो, आणि कडक बूट तंतोतंत बसला नाही तर घोटा सोलून निघतो. पहिल्या खेपेला रिंकवर भाड्यानं मिळतात का ते विचारा. हेल्मेट, मानेचं संरक्षण आणि कापले न जाणारे हातमोजे मात्र स्वतःचे हवेत.

आणि हिमाद्री एवढी वर्षं बंद राहिलेली आहे, तेव्हा रेल्वेचं तिकीट काढण्याआधी रिंकवर फोन करून तीन गोष्टी पक्क्या करा: त्या तारखांना बर्फ चालू आहे का, नवशिक्यांना कोणती वेळ मिळेल, आणि त्या वेळी कोच हजर असेल का.