२८० रुपयांचं वाफेचं यंत्र: वाफ भरपूर, अक्कल नंतर

मी एसटीत कंडक्टर. दिवसभर ओरडून घसा आधीच बसलेला, त्यात नोव्हेंबरात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून हे यंत्र आणलं. कंपनी सांगत नाही, या किमतीची सगळी सारखीच: प्लॅस्टिकचा डबा, आत दोन पट्ट्या, वर नाकाला लावायचं तोंड.

वाफ मात्र चोख. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, दोन मिनिटांत भसाभस निघते. फिल्टरचं पाणी घातलं तर ढिम्म, कारण करंट पाण्यातल्या क्षारांमुळेच वाहतो. मग चिमूटभर मीठ टाकावं लागतं. महिन्याभरात पट्ट्यांवर पांढरी खपली धरली. बटण नाही, आपोआप बंद होत नाही, झाकण नुसतं टेकवलेलं. धक्का लागला की उकळतं पाणी मांडीवर. घरात लहान पोर असेल तर घेऊच नका.

खोक्यावर कसं वापरायचं ते छापलंय, कधी थांबायचं ते नाही. सर्दी पाचव्या दिवशी गेली, खोकला राहिला. खोकला म्हणून वाफ, वाफ झाली की पुन्हा ढास. दिवसातून पाच वेळा, वीस-वीस मिनिटं, वर निलगिरीचे थेंब आणि कापराची वडी. बायको म्हणाली, "अहो, हे यंत्र आहे का हुक्का?" डिसेंबर सरता सरता नाकात रक्ताची खपली, घशात मिरची लागल्यासारखी आग, पहाटे छातीत मांजराच्या पिल्लासारखं कुईंकुईं.

दोन डॉक्टर झाले. एकानं सिरप दिलं, दुसऱ्यानं वर 'वाफ चालू ठेवा' सांगितलं. तिसरे छातीचे. त्यांनी आधी विचारलं, "काका, वाफेत काय टाकता?" मग नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायला लावलं, तोंडानं ओढायच्या औषधाच्या पंपाचे (इनहेलरचे) झटके दिले, पंधरा मिनिटं बाकावर बसवून परत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १.७ लिटर होती ती २.१ झाली. १२ टक्के आणि २०० मिलिलिटरच्या वर वाढली की नळ्या आवळलेल्या होत्या असं धरतात म्हणे.

"वाफेनं दमा झाला असं मी म्हणणार नाही, कल मूळचा असेल. पण चिडलेल्या नळ्यांना तुम्ही रोज पाच वेळा डिवचत होतात." लहानपणी पावसाळ्यात मला धाप लागायची, ते तेव्हा कुठे आठवलं.

आता सकाळ-संध्याकाळ पंप, त्यावर चूळ, नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा. तीन आठवड्यांत झोप लागायला लागली. धुळीच्या रूटवर ड्यूटी असली की पहाटे अजून ढास लागते.

यंत्राला तीन स्टार. ते माळ्यावर आहे. परवा शेजारणीनं पोराच्या सर्दीसाठी मागितलं, मी दिलं नाही. दोन दिवस झाले, बोलत नाहीत.