निवृत्तीनंतर पाम स्प्रिंग्ज की नागपूर?
मुलाच्या आग्रहाखातर कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी पर्यटननगरीत दोन हिवाळे काढले. कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि रोपवेने सुमारे २,६०० मीटर उंचीवर जाऊन बर्फात ठेवलेले पाऊल, हे सुख नागपुरात नाही. उन्हाचे मात्र निराळे आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडत काढलेला आपला मे महिना जूनच्या पावसाने सुटतो. तेथे उन्हाळा सप्टेंबरपर्यंत हटत नाही, आणि ५ जुलै २०२४ रोजी तर पारा ५१.१ अंशांवर गेला होता. शिवाय गाडी चालवता येत नसेल तर तेथे दूध आणणेही अवघड, तर धरमपेठेत भाजीवाली दाराशी येऊन ‘काकू, आज मेथी घ्या’ म्हणते.