लाकडी उलथणे घडवताना: सागवान, शिसव की बाभूळ?

घरच्या घरी लाकडी उलथणे घडवायचे ठरवले की बहुतेक जण आधी लाकडाचा विचार करतात. परंतु ते कोणत्या भांड्यात फिरणार आहे, हे त्याआधी निश्चित करणे आवश्यक आहे. नॉनस्टिक तव्यावर थालीपीठ किंवा घावन उलटायचे असेल, तर पात्याची कड सरळ आणि सुमारे 3 मिलिमीटर इतकी पातळ असावी लागते. कढईत पिठले हलवायचे किंवा शिरा परतायचा असेल, तर कड कढईच्या बुडाशी जुळेल अशी गोलसर आणि पाते जाडसर हवे. लाकडाची निवड या फरकावरच अवलंबून असते.

पातळ कडेसाठी माझी पसंती निःसंशय सागवानाला आहे. त्याच्या रेषा, म्हणजे लाकडातील तंतूंची दिशा, बहुधा सरळ असतात, अंगचे तेल असल्यामुळे ते पाण्याने फारसे फुगत नाही आणि साध्या पटाशीला व रंध्याला ते सहज वश होते. त्यात सिलिकाचा, म्हणजे वाळूसारख्या कठीण खनिजाचा, अंश असल्याने हत्याराची धार मात्र लवकर बोथट होते, म्हणून धार लावण्याचा दगड हाताशी ठेवावा. वखारीत किंवा सुताराकडे उरलेला तुकडा मिळाला तर उत्तम; जुन्या दारा-खिडक्यांचे सागवान मोहात पाडते, परंतु त्यावरील रंग किंवा वाळवीचे औषध किती खोल मुरले आहे हे कळत नसल्याने स्वयंपाकासाठी ते टाळावे.

शिसव दिसायला सर्वांत देखणी आणि सागवानापेक्षा जड: सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरते, तर शिसव 800 च्या आसपास. तिची कड बराच काळ टिकते आणि पॉलिश पेपरने घासल्यावर पृष्ठभाग तुकतुकीत होतो. मात्र तिचा भुसा काहींच्या त्वचेला व श्वासाला त्रास देतो, किंमतही जास्त असते आणि हात बसलेला नसताना महागडा तुकडा वाया जाण्याची भीती राहते. म्हणून ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या उलथण्यासाठी राखून ठेवावी.

बाभळीला पूर्वी औतासाठी आणि बैलगाडीच्या चाकासाठी मान होता, तो तिच्या चिवटपणामुळे. कढईतल्या रोजच्या राबत्या उलथण्यासाठी मला हेच लाकूड सर्वांत योग्य वाटते. वाळलेली बाभूळ हाताच्या हत्यारांना दाद देत नाही. त्यामुळे ओल्या लाकडातून थोडा जाड आकार काढावा, तो कागदात गुंडाळून सावलीत सावकाश वाळू द्यावा आणि मगच शेवटचे तासकाम करावे. उन्हात ठेवल्यास ती तडकते. आंबा स्वस्त आणि मऊ असला तरी त्याला बुरशी व भुंगे लवकर लागतात. कडुनिंबाच्या रेषा गुंतलेल्या असल्याने तासताना तंतू उचकटतात.

लाकूड कोणतेही असो, उलथणे मोडते ते पाते आणि दांडा जोडणाऱ्या मानेपाशी. तिथे रेषा दांड्याच्या लांबीबरोबर अखंड धावत असतील, असाच तुकडा निवडावा. मान तासताना पटाशी पात्याकडून आणि दांड्याकडून, अशी दोन्ही बाजूंनी उताराच्या दिशेने आणावी. खोलगट भागाच्या तळातून तशीच पुढे रेटल्यास ती रेषांच्या विरुद्ध घुसते आणि ढलपी निघते.

पॉलिश पेपर 120, 180 आणि 240 नंबरच्या क्रमाने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) वापरून झाल्यावर लाकूड ओल्या फडक्याने पुसावे. तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा 240 ने घासून टाकावेत, अन्यथा पहिल्या धुण्यातच पृष्ठभाग खरखरीत होतो. तेलाच्या बाबतीत कच्चे जवसाचे तेल श्रेष्ठ ठरते, कारण ते हवेत हळूहळू घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसे होत नाही आणि काही काळाने खवट होते. जवसाचे तेल खाद्य प्रतीचेच घ्यावे, रंगाच्या दुकानातील नव्हे, कारण तिथल्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात. पातळ हात देऊन जास्तीचे तेल पुसावे आणि ते पुरते घट्ट होईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, उलथणे वापरात आणू नये.