एका दिवसाची गाडी की दोन आठवड्यांचं घर?

इंदूरात सेलिब्रिटी अदलाबदलीचा शो करायचा तर दोन साचे समोर आहेत. ‘मिशन सपने’त (कलर्स, 2014) कलाकार एक दिवस सामान्य माणसाचं काम करायचा, मिळकत त्या कुटुंबाला. सलमान खान त्यात न्हावी झाला होता. ब्रिटनच्या ‘वाइफ स्वॅप’मध्ये (2003) दोन घरांतल्या गृहिणी एकमेकींच्या घरी राहायला जायच्या: पहिला आठवडा यजमान घराच्या नियमांचा, दुसरा पाहुणीच्या.

इंदूरच्या सराफा बाजारात पहिला साचा सोपा वाटतो, पण नाही. सोन्याच्या पेढ्या बंद झाल्यावरच खाण्याच्या गाड्या लागतात, म्हणजे शूटिंग रात्रीचं. चेहरा ओळखला गेला की अरुंद गल्ली तुंबते आणि खरं गिऱ्हाईक मागे फिरतं. कॉलरचा माइक कढईच्या बाजूला लावला तर बोलण्याआधी तळणाची चरचर टिपतो. तो दुसऱ्या खांद्याकडे हवा. जलेबा (भली मोठी जिलबी) सोडताना नवख्याचा हात अडखळला की वेटोळं तुटतं. ते मात्र कापू नका, प्रेक्षक त्यासाठीच बसतो!

घराच्या अदलाबदलीत गर्दी नाही, खटके मात्र खरे. इंदूरच्या रामबाग वस्तीतल्या घरी देवपूजा, पोह्यांची वेळ, नळाला नर्मदेचं पाणी येण्याची पाळी हे नियमवहीत आधीच उतरवावं. सासूबाईंची लेखी संमतीही तेव्हाच घ्यावी. ऐनवेळी त्या कॅमेऱ्यासमोर यायला नकार देतात आणि निम्मा भाग हातचा जातो. खर्च जास्त, तरी आमचं मत यालाच.